पुराच्या पाण्यांत सांपडलेल्या मालमोटारीचें इंजिन

आपला जिल्हा अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो; सबब बुडालेल्या मोटारीचें काय करावें, हा प्रश्न आम्हां लोकांस फारसा पडत नसे. परंतु सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत परंडा, भूम आदिकरून तालुक्यांत अतिवृष्टि झाली, सीनेचें पाणी शिवारांत व वस्त्यांत शिरलें, आणि पिकांबरोबर वाहनेंही पाण्यांत गेलीं. पाठोपाठ सोयाबीनची काढणी व उसाचा हंगाम येतो. ऐन त्या वेळीं मालमोटार बंद पडल्यास धन्याचें नुकसान दुहेरी होतें.

पाणी ओसरतांच किल्ली फिरवूं नये, हा पहिला नियम होय. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरांत हवा सुमारें १६ ते २० पट दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाहीं. आंत पाणी असतां सेल्फ मारल्यास पिस्टन मध्येंच अडतो व त्याचा कनेक्टिंग रॉड वांकतो. जें इंजिन केवळ भिजलें होतें, तें अशा रीतीनें धन्याच्याच हातून मोडतें.

महसुली कामांत आधीं पंचनामा व मग कारवाई असा क्रम असतो. येथेंही तोच ठेवावा. प्रथम बॅटरीची तार सोडावी. चिखलाची रेघ कोठवर आहे तें पाहून, धुण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं. भिजलेलें इंजिन चालू केल्यानें झालेली मोडतोड पुष्कळ विमापत्रांत भरपाईस पात्र धरीत नाहींत, हेंही ध्यानांत असावें.

मग तीन ठिकाणें तपासावीं. एअर फिल्टर कोरडा व स्वच्छ असल्यास हवेच्या वाटेनें पाणी शिरलें नसावें; ओला असल्यास सिलिंडरांत पाणी आहे असेंच समजावें. ऑइल मोजण्याची पट्टी काढून पहावी. ऑइल दुधाळ चहासारखें दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें आहे, तें सर्व बदलावें. डिझेल फिल्टरच्या तळाचें थोडें डिझेल काचेच्या बाटलीत धरून स्थिर ठेवावें. पाणी जड असल्यानें खालीं बसतें व निराळें दिसतें. तसें दिसल्यास टाकीही रिकामी करावी.

सिलिंडरांत पाण्याचा संशय असल्यास मिस्त्रीकडून सर्व नोझल काढवून इंजिन हातानें सावकाश फिरवावें. पाणी छिद्रांतून बाहेर पडतें. त्यावर तोंड धरूं नये.

एवढें झाल्यावर सेल्फ मारावा व लक्षणें पहावीं. ‘टक्’ असा आवाज होऊन इंजिन हललें नाहीं, तर बॅटरी किंवा सेल्फ मोटर भिजलेली असावी. परंतु तें हातानेंही फिरत नसेल, तर पुन्हां सेल्फ मारूं नये. इंजिन फिरतें पण सुरू होत नाहीं, तर डिझेलमधील पाणी अथवा हवेची वाट पहावी. पेट्रोल मोटारीप्रमाणें डिझेल इंजिनांत ठिणगी नसते, म्हणून तेथें ठिणगीच्या तारा शोधण्यांत अर्थ नाहीं. मात्र १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांप्रमाणें बनलेल्या गाड्यांचें इंजिन संगणकपेटी चालविते. तिचे जोड सोडून वाळविणें अवश्य आहे. सुरू होऊन पांढरा धूर निघाला व तो इंजिन तापल्यावरही कमी झाला नाहीं, तर पाणी अद्याप आंत जात आहे. ठोके ऐकूं आले, तर तत्काळ बंद करावें. रॉड वांकल्याची ती खूण असूं शकते.

इंजिन नीट चाललें तरी गिअर व डिफरन्शिअलचें ऑइल, चाकांचें ग्रीस आणि ब्रेक तपासल्यावांचून माल भरूं नये. या तपासणींत एकदोन दिवस मोडतात खरे. परंतु रॉड वांकल्यास सबंध इंजिन उघडावें लागतें, आणि तोंवर बाजाराचा व कारखान्याचा हंगाम कोणासाठींही थांबत नाहीं.