रामशेजचा सोन्याचा नाग आणि गोफणीचा दगड

पोरांची सहामाही परीक्षा संपली. सुट्टीत त्यांना कुठे न्यायचे? लांबच्या सहलीचा खर्च आपल्या खिशाला झेपत नाही. म्हणून एका रविवारी भाकरी, पिठले, कांदा आणि पाण्याचे कॅन बांधून आम्ही दोन कुटुंबे रामशेज किल्ल्याला निघालो. नाशिकहून पेठ रस्त्याने सुमारे १५ किलोमीटर. एसटीने फाट्यावर उतरायचे आणि आशेवाडी गावातून पायथ्याशी जायचे. हा दिंडोरी तालुका. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे आंबे गाव याच तालुक्यातले.

गावात एक म्हातारबा भेटले. पोरांना पाहून म्हणाले, "वनवासात राम या डोंगरावर झोपला व्हता. त्याची शेज, म्हणून रामशेज." वाटेत कातळाच्या पोटात रामाचे मंदिर आहे, जवळच पाण्याचे टाके आहे. तासाभरात आम्ही माथ्यावर पोचलो. वर पडका दरवाजा, कातळात कोरलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी आणि घरांची जोती, एवढेच उरले आहे. डोंगरही फार उंच नाही. सह्याद्रीतल्या इतर गडांपुढे हा तसा ठेंगणाच. पण या ठेंगण्या गडाने औरंगजेब बादशहाला जेरीस आणले.

१६८२ साली बादशहा दक्षिणेत उतरला होता. स्वराज्याची सूत्रे संभाजी महाराजांच्या हाती होती. बादशहाने रामशेज घेण्यासाठी शहाबुद्दीन खानाला पाठवले. हा पुढे हैदराबादचे राज्य स्थापणाऱ्या पहिल्या निजामाचा बाप. सोबत मोठी फौज, तोफा आणि दारूगोळा. गडावर मूठभर शिबंदी, आणि लोखंडी तोफ एकही नाही. मग गडकऱ्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, वरून चामडे मढवले आणि लाकडाच्या तोफा केल्या. हे आपल्याकडच्या कोणी बढाई म्हणून लिहिलेले नाही. मोगलांचाच इतिहास लिहिणाऱ्या खाफीखानाने ते नोंदवले आहे. खानाने गडाएवढ्या उंचीचा लाकडी दमदमा उभारला, तरी गड हाती आला नाही. त्याच्यामागून दुसरे सरदार आले. त्यांचीही तीच गत झाली.

तेव्हा एक मांत्रिक पुढे आला, अशी गोष्ट सांगतात. तो म्हणाला, "गडावर भुताखेतांचा पहारा आहे. मला शंभर तोळे सोन्याचा नाग करून द्या, मी फौजेला दरवाजापर्यंत नेतो." सरदाराने नाग करून दिला. मांत्रिक तो हातात धरून पुढे आणि फौज मागे. अर्ध्या वाटेवर वरून गोफणीचा दगड आला आणि त्याच्या छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे, आणि फौज माघारी!

पोरे पोट धरून हसली. मग आमच्या धाकटीने विचारले, "बाबा, एवढा मोठा सरदार, त्याला हे खोटं आहे हे कळलं नाही?" आम्ही म्हणालो, "बाळा, माणूस हरायला लागला की मांत्रिक शोधतो." आजही घरात आजारपण आले की दवाखाना सोडून अंगारा आणणारे आहेत. शंभर तोळ्यांच्या नागाने सरदाराला वाचवले नाही. पाच रुपयांचा ताईत आपल्याला कसा वाचवेल?

थोरल्याचा प्रश्न मात्र अवघड होता. "या गोष्टीत आपली माणसं कुठं आहेत?" खानांची नावे बखरीत आली, तोफेवर चामडे मढवणाऱ्याचे नाव आले नाही. पण कमावलेले चामडे आभाळातून पडत नाही. ते कमावण्याचे काम कोणाच्या माथी मारले होते, हे आपल्याला सांगायला नको. ज्या हातांचा विटाळ मानला, त्याच हातांचे कसब अशा तोफांच्या कामी आले. कातळात टाकी खोदणारे हातही कष्टकऱ्यांचेच. आणि मराठी गडांच्या घेऱ्यावर, पायथ्याच्या रानात चौकी-पहारा करायला महार, मांग, रामोशी यांना नेमत, हे इतिहासात नमूद आहे. गडाची शान वर होती, जागरण मात्र खाली होते. आम्ही मुलांना सांगितले, "नाव नसले तरी काम दिसते. हे टाके बघा, ही पायरी बघा."

पाच वर्षांहून अधिक काळ हा गड झुंजला. शेवटी तो मोगलांकडे गेला तो तोफेने नव्हे, पैशाने. जे बादशहाच्या फौजेला जमले नाही ते फितुरीने केले. चळवळीत वावरणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गाठीला बांधावा. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला आणि पुढे ओसाड झाला.

वाचकहो, आपल्या मुलांना एकदा तरी येथे न्या. पाणी सोबत घ्या. टाक्यातले पाणी तसेच पिऊ नका. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, लहानग्यांचा हात सोडू नका. गडावर कचरा टाकू नका. आणि मुलांना दोन्ही गोष्टी सांगा, सोन्याच्या नागाची आणि गोफणीच्या दगडाची. त्यातली कोणती कामाला आली, हे त्यांनाच ठरवू द्या. परतीच्या एसटीत आमच्या धाकटीच्या मुठीत एक गोटा होता. विचारले तर म्हणाली, "घरी ठेवायचाय. हा खरा आहे."