बोट नंबर एक म्हणजे कुठली?

पावसाळ्याआधीच्या पूरबचाव तालमीला गर्दी होते ती काठावर. रबरी बोटी, केशरी जॅकेटं, बुडत असल्याची बतावणी करणारे होमगार्डचे जवान आणि मोबाइल उंच धरून उभी पोरं. मी मात्र सकाळभर मांडवातल्या टेबलापाशी बसून होतो. कृष्णाखोऱ्यातलं एक तालुक्याचं गाव, कोल्हापुरी बंधाऱ्यानं अडवलेलं मे महिन्यातलं हिरवट पाणी, आणि टेबलावर ओळीनं मांडलेले बिनतारी सेट. पोलिसांचा मोठा सेट, खाली बॅटरी जोडलेला. नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाचा हातातला. एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, तुकडीचा त्यांचा स्वतःचा. धरणावरच्या कार्यालयाशी बोलणारा जलसंपदा खात्याचा. कोपऱ्यात हॅम रेडिओवाली, म्हणजे हौशी बिनतारीवाली, दोन मंडळी, त्यांचा निराळाच संसार. रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांकडे फक्त मोबाइल.

यातला एकही सेट शेजारच्या सेटशी बोलत नव्हता. त्यांच्यामध्ये बोलत होता तो पोलीस बिनतारी विभागाचा एक हवालदार. एका सेटवर आलेला निरोप तो वहीत उतरवी, वेळ टाकी, आणि दुसऱ्या सेटचं बटण दाबून तोच निरोप पुढे देई. एनडीआरएफला हिंदीत, बाकीच्यांना मराठीत. मग उत्तर त्याच वाटेनं परत. सगळ्या यंत्रणा एकमेकांना जोडलेल्या आहेत असं वरच्या कागदात लिहिलेलं असतं, ती जोडणी म्हणजे हा माणूस. त्याला लघवीला जायचं असलं तर जिल्ह्याचा समन्वय थांबतो.

पहिल्या फेरीत सेटवर आवाज आला, ‘कंट्रोल, बोट नंबर एक. दोन माणसं घेतली, एक बेशुद्ध. ॲम्ब्युलन्स कुठल्या काठाला? ओव्हर.’ हवालदारानं मान वळवून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, देवळाच्या घाटावर. गडबडीत कुणी वगळलं जाऊ नये म्हणून तो प्रत्येक उत्तर सगळ्या सेटवर सांगत होता, तसं त्यानं हेही सांगितलं, ‘बोट नंबर एक, देवळाच्या घाटाला या.’ आणि दोन बोटी घाटाकडे वळल्या. अग्निशमनची एक नंबर आणि एनडीआरएफची एक नंबर. पोलिसांचीही एक नंबर होती, पण ती अजून ट्रकवरून उतरायची होती. वळलेल्या दोनपैकी एका बोटीचा माणूस पाण्यातच होता. पट्टीचा पोहणारा होता, पोहत काठाला आला. काठावर हशा झाला, मांडवात चहा आला.

हसण्यासारखं होतंच. प्रत्येक खातं आपल्या बोटी एकपासून मोजतं, यात कुणाची चूक नाही. शेजारच्या खात्याबरोबर एकाच पाण्यात उतरेपर्यंत ती चूक ठरतही नाही.

दुसऱ्या फेरीसाठी पोलिसांनी आपली एक वारंवारिता तालमीपुरती सगळ्यांना उसनी दिली. बिनतारी विभागाच्या तंत्रज्ञानं लॅपटॉप काढला, केबल लावून ती एकेका सेटमध्ये भरली. त्यानंतर अग्निशमनचा सेट मुका. वारंवारिता बरोबर, बॅटरी भरलेली, ॲन्टेना घट्ट, आणि शेजारच्याच सेटवरून पोलीस बोलतायत ते याच्यात उमटत नाही. तंत्रज्ञानं सेटच्या कडेचं मॉनिटरचं बटण दाबून धरलं. आधी खरखर, आणि लगेच त्या खरखरीतून स्पष्ट आवाज. पोलीस मघापासून बोलतच होते. सेटला ते पोचतही होतं, पण ऐकवायचं नाही अशी त्याला आज्ञा होती.

ही आज्ञा म्हणजे टोन. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली सेट एक बारीक सूर सोडत राहतो, साधारण ६७ ते २५४ हर्ट्झमधला. ऐकणाऱ्या सेटमध्ये तोच सूर भरलेला असेल तरच स्पीकर उघडतो, नाहीतर बंद. परक्यांची बडबड आपल्या कानावर आदळू नये म्हणून ही सोय असते आणि रोजच्या कामात ती फार उपयोगी पडते. वारंवारिता सर्वांना सांगितली गेली होती, टोन सांगायचा राहिला होता. अग्निशमनच्या सेटमध्ये त्या चॅनलवर जुनाच टोन होता. दुरुस्ती पाच मिनिटांची. पण लॅपटॉप, केबल आणि जाणता माणूस हे तिन्ही जागेवर असले तरच. पुरात तंत्रज्ञ दुसऱ्या काठाला अडकलेला असतो.

टेबलापाशी बसलं की अशा बारीकसारीक गोष्टी कळत जातात. मोठा सेट बोलू लागला की शेजारचे छोटे सेट बहिरे होतात, म्हणून ॲन्टेना लांब लांब लावाव्या लागतात. बटण दाबल्या दाबल्या बोललं तर पहिला शब्द गिळला जातो, आणि ‘नका सोडू’मधला ‘नका’ गेला तर काय उरतं ते सांगायला नको. मुरलेले ऑपरेटर बटण दाबून क्षणभर थांबतात. नवे थांबत नाहीत.

मग सगळ्यांना कायमचं एकच जाळं का देत नाहीत? पहिल्यांदा हा विचार कुणाच्याही मनात येतो, पण खातेवार जाळी काही वेडेपणातून झालेली नाहीत. प्रत्येक खातं केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून आपापली वारंवारिता घेतं, आपापल्या निधीतून सेट घेतं. कुणाचे ॲनालॉग, कुणाचे डिजिटल. पोलिसांचं बोलणं सगळ्यांनी ऐकावं असं पोलिसांना वाटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दोन वेगळ्या जाळ्यांना जोडणारी यंत्रंही मिळतात. एका बाजूचा आवाज उचलून ती दुसऱ्या बाजूला टाकतात. पण सगळ्यांना सरसकट जोडलं की सगळेच एका चॅनलवर येतात. एका वेळी एकानंच बोलायचं असतं, आणि पुरात प्रत्येकाकडे सांगण्यासारखं असतं. म्हणून जोडायचं ते म्होरक्यांना. बोटीवरच्या जवानानं आपल्याच चॅनलवर राहायचं. हे ठरवण्याचं काम यंत्र करत नाही.

न्यूयॉर्कनं याची किंमत मोजली आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ साली बॉम्बस्फोट झाला, तेव्हा उंच मनोऱ्यात अग्निशमनचे सेट चालेनात. त्यानंतर तिथं रिपीटर, म्हणजे सेटचा आवाज पकडून पुन्हा जोरात पुढे सोडणारं यंत्र, बसवला गेला. ११ सप्टेंबर २००१ रोजी दोन्ही मनोऱ्यांवर विमानं आदळली तेव्हा तो रिपीटर होता, पण त्याचं एक बटण दाबलं गेलं नव्हतं, आणि तो बिघडलाय असं समजून उत्तर मनोऱ्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याचा नाद सोडला. बाहेर आकाशात पोलिसांची हेलिकॉप्टरं होती. दक्षिण मनोरा ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला, उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांनी. मधल्या वेळात वैमानिक उत्तर मनोऱ्याची अवस्था आपल्या चॅनलवर सांगत होते. अग्निशमन दल वेगळ्या चॅनलवर होतं. शेजारचा मनोरा पडला आहे, हेच आत असलेल्या अनेक जवानांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाची ३४३ माणसं गेली. सगळी काही रेडिओमुळे गेली नाहीत. काहींना माघारीचा हुकूम ऐकूही आला होता. पण पोलिसांचं आणि अग्निशमनचं आपसात बोलणं नव्हतं, हे चौकशी आयोगानं स्पष्ट नोंदवलं.

त्याच दिवशी वॉशिंग्टनजवळ पेंटागॉनवर विमान आदळलं. तिथंही सुरुवातीला चॅनल तुंबले, तरी आसपासच्या गावांची अग्निशमन दलं एकमेकांशी बऱ्यापैकी बोलू शकली. कारण १९ वर्षं जुनं होतं. जानेवारी १९८२ मध्ये एअर फ्लोरिडाचं विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून पाण्यात गेलं, ७८ माणसं गेली, आणि मदतीला धावलेल्या शेजारच्या यंत्रणांना एकमेकांशी बोलता येईना. ती लाज त्या भागानं विसरू दिली नाही. शेजाऱ्यांनी करार केले, सेट जुळवले, एकत्र तालमी घेतल्या. कत्रिना वादळानंतर तर अमेरिकेत आणखी एक नियम आला: अनेक यंत्रणा एकत्र आल्या की खात्याचे सांकेतिक आकडे बंद, साध्या भाषेत बोला.

आपल्याकडे धडे कमी नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल निकामी झाले. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात एनडीआरएफ, लष्कर, नौदल, पोलीस आणि गावोगावच्या नावाडी मंडळींच्या बोटी एकाच पाण्यात होत्या. २०२१ साली महाडच्या तळियेत दरड कोसळली तेव्हा वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, आणि बातमी बाहेर पोचायलाच तास गेले. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता. जवान आणि गिर्यारोहक पावसात, अंधारात चढून गेले. सह्याद्रीत व्हीएचएफ बिनतारी सेटचा आवाज डोंगराआड गेला की संपतो. मध्ये रिपीटर नसेल तर खोऱ्यातलं बोलणं खोऱ्यातच राहतं.

तालमीतला उपाय फुकटातला निघाला. तिसऱ्या फेरीआधी हवालदारानं खडू मागवून घेतला आणि बोटींच्या पुढच्या अंगाला नावं घातली: पोलीस एक, अग्नी एक, एनडी एक. काठांनाही नावं दिली आणि ती प्रत्येक चालकाकडून म्हणवून घेतली. मग एका कागदावर चॅनल, टोन, बोटींची नावं, काठांची नावं आणि कुणी कुणाशी बोलायचं हे उतरवून त्याच्या प्रती वाटल्या. तिसरी फेरी सुरळीत झाली. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, त्यामुळे कुणी काढले नाहीत.

माझ्या मते नव्या सेटच्या निविदेआधी हा कागद व्हायला हवा. सेट येतील तेव्हा येतील, आणि तेही या कागदाशिवाय एकमेकांशी बोलणार नाहीत. नगरसेवक असाल, पत्रकार असाल, बचावपथकात स्वयंसेवक असाल, तर मान्सूनपूर्व बैठकीत बोटी किती, जॅकेटं किती हे विचारून झाल्यावर आणखी एवढं विचारा: पोलिसांचा सेट आणि अग्निशमनचा सेट आत्ता, माझ्यासमोर, एकमेकांशी बोलून दाखवता का? आणि नुसतं हो म्हटलं तर ऐकू नका, बटण दाबायला लावा.