कोयनेच्या पाताळाचा शोध

दख्खनचे पठार हा भूकंपाच्या उपद्रवापासून मुक्त असा पुरातन आणि अचल भूखंड आहे, अशी जी समजूत विद्वानांच्या ग्रंथांपासून सरकारी दप्तरांपर्यंत सर्वत्र रूढ होती, ती ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगरच्या घरांबरोबरच जमीनदोस्त झाली. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्यात पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले, आणि त्या धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी व भूकंप यांचा संबंध काय, हा प्रश्न जगभरच्या भूशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

पाण्याच्या ओझ्याने भूकंप होतो, असे कोयनाखोऱ्यात सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. खडक फोडणारे बळ पाण्याचे नव्हे. ते भारतीय भूपट्टाच्या अविरत उत्तरगामी रेट्यामुळे खडकात युगानुयुगे साठत आलेले आहे. जलाशयाचे पाणी भेगांतून झिरपत खोल उतरते, तेथील द्रवाचा दाब वाढवते, आणि प्रस्तरभंगाच्या ज्या दोन बाजू केवळ घर्षणामुळे एकमेकींना धरून असतात त्यांची पकड सैल करते. म्हणूनच पावसाळ्यात धरण भरल्यानंतर येथे धक्के वाढतात. १९८५ नंतर दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागल्यावर काही वर्षांत भूकंपांचे क्षेत्रही तिकडे विस्तारले. पाचाहून अधिक तीव्रतेचे वीसांवर धक्के या टापूने आजवर सोसले आहेत.

आणि तरीही निसर्गाने येथे संशोधकांना एक दुर्मीळ सवलत दिली आहे, ती अशी की हे सारे भूकंप जेमतेम तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद अशा पट्ट्यात, आणि बहुतेक दहा किलोमीटरहून कमी खोलीवर होतात. जेथे भूकंप जन्मतो तेथेच उपकरणे पोहोचवावीत, हा विचार त्यातूनच पुढे आला. १९६१ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आणि तेथील डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या संशोधकांनी त्याचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. पुढे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाचीला यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली. आधी दीड किलोमीटरपर्यंतची अनेक बोअर घेण्यात आली, आणि २०१७ साली पाटण तालुक्यातील गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर पुरे झाले.

कोयनानगरलगतच्या रासाटीच्या बोअरमधून निघालेला दगडाचा गाभा म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीचे जणू मूळ दस्तऐवजच होय. काळ्या बेसाल्टच्या थरावर थर, मध्येच वायूंच्या बुडबुड्यांनी पडलेली आणि पुढे पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली छिद्रे, दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या निवांत काळात तयार झालेले तांबूस पट्टे. आणि सुमारे ९३० मीटरवर हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा पसारा एकदम संपून, मध्ये गाळाचा थरही न लागता, ग्रॅनाइट जातीचा कितीतरी प्राचीन पायाखडक सुरू होतो. गोठण्याला हाच पायाखडक सुमारे साडेबाराशे मीटरवर लागला. आपल्या सह्याद्रीखाली काय आहे, याचे इतके निःसंदिग्ध उत्तर यापूर्वी कोणाच्याही हाती नव्हते.

या खटाटोपातून भूकंपाचे भाकीत हाती येईल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. दिवस आणि घटका सांगणारी विद्या आज जगात कोठेही नाही. खडकातला ताण किती, उष्णता किती, पाणी कोठवर मुरते, हे मोजल्यावाचून त्या विद्येचा आरंभही संभवत नाही, आणि ते मोजण्याचे काम आपल्या सातारा जिल्ह्यात चालले आहे, ही मला लहानसहान गोष्ट वाटत नाही. ज्यांच्या आजोबा-आजींनी ती पहाट पाहिली, त्या पाटण आणि कराड तालुक्यांतील मुलांना हे खडक काय सांगतात ते मराठीत समजावून सांगण्याची तजवीज शाळांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून अवश्य करावी.