जुन्या मोटारीचे इंजिन उचलताना

फोर्ड मॉडेल 'ए' (1927-31) सारख्या जुन्या मोटारींच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असतो. बीड ॲल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड आणि ठिसूळ असते. आपटले तर ते वाकत नाही, थेट तडकते. म्हणून असे इंजिन हातांनी नव्हे, चेनकुप्पीने उचलतात. हातातली साखळी सोडली तरी कुप्पीतला ब्रेक वजन जागच्या जागी धरून ठेवतो.

खरा धोका साखळीच्या कोनात असतो. 200 किलोचे इंजिन दोन उभ्या साखळ्यांवर टांगले, तर प्रत्येकीवर 100 किलोचा ताण येतो. दोन्हींमधला कोन 90 अंश झाला की तो सुमारे 141 किलो होतो आणि 120 अंशांवर प्रत्येकीवर पूर्ण 200 किलो! त्यामुळे साखळ्या लांब घेऊन हा कोन 60 अंशांच्या आत ठेवावा.

चाकांच्या इंजिन क्रेनचा हात जितका बाहेर काढावा, तितकी तिची क्षमता घटते. हातावर लिहिलेला आकडा त्या-त्या लांबीपुरताच खरा असतो.

उचलण्याआधी बॅटरी सोडवावी, तेल-पाणी काढावे, वायर, नळ्या आणि फाउंडेशनचे बोल्ट सुटल्याची खात्री करावी. इंजिन दोन-तीन सेंटिमीटर वर घेऊन थांबावे. ते एका बाजूला कलले, तर खाली टेकवून हुकाची जागा बदलावी. बाहेर आल्यावर ते लगेच स्टँडवर बसवावे. टांगलेल्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नये.