गेमिंग व्हीएमला सगळे कोअर देऊ नका!

घरी एकच पीसी. त्यावर प्रॉक्समॉक्स, आणि त्यात दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम: एक फोटो बॅकअपच्या सर्व्हरसाठी, दुसरी गेमसाठी. मी सुरुवातीला रायझन 7 5700एक्सचे 16 च्या 16 थ्रेड गेमिंग व्हीएमला देऊन टाकले होते. पण घरच्यांच्या मोबाइलवरून फोटो अपलोड व्हायला लागले, की गेम अडकलाच!

असं का होतं? व्हीएमचे कोअर खरे नसतात. खऱ्या कोअरवर जागा मिळेपर्यंत त्यांना बाकीच्या कामांसोबत रांगेत थांबावं लागतं. 60 एफपीएसला एका फ्रेमसाठी जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात नंबर लागला नाही, तर झटका बसतो.

मग करायचं काय? सरळ वाटणी. या प्रोसेसरमध्ये 8 कोअर, प्रत्येकात दोन थ्रेड. लिनक्समध्ये साधारणपणे 0 आणि 8 एका कोअरचे, 1 आणि 9 दुसऱ्याचे. तुमच्याकडे कसं आहे ते ‘एलएससीपीयू -ई’ कमांडने बघून घ्या. गेमिंग व्हीएमला 12 कोअर द्या आणि ‘सीपीयू ॲफिनिटी’मध्ये 2-7,10-15 लिहा. जोडी फोडू नका, नाहीतर एकाच कोअरवर दोघं भांडतील.

एक गोष्ट हमखास राहून जाते. ॲफिनिटी त्या व्हीएमला बांधते, इतरांना अडवत नाही! म्हणून सर्व्हरच्या व्हीएमलाही 0,1,8,9 अशी ॲफिनिटी द्या.

माझ्या गेमचे थ्रेड 16 वरून 12 झाले, पण आता फोटो अपलोड होत असतानाही तो अडकत नाही.