‘आणि’ दिसला की संयुक्त?

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी नववी-दहावीला वाक्यप्रकार शिकवायला घेतले की एक उत्तर हमखास येतं : “सर, यात ‘आणि’ आहे. मंग संयुक्तच!”

‘दादा आणि ताई जत्रेला गेले’ यात ‘आणि’ने फक्त दोन नामं जोडली. विधान एकच, म्हणून वाक्य केवल. ‘ढग आले आणि वीज कडाडली’ हे मात्र संयुक्त, कारण इथे दोन्ही विधानं आपापल्या पायावर उभी आहेत. ‘आणि’ शोधू नका, तो काय जोडतो ते पाहा.

लांब वाक्य म्हणजे संयुक्त, हाही असाच समज. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आमच्या कावडयात्रेवरचं हे वाक्य घ्या : ‘पूर्णेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन रात्रभर अनवाणी चालत आलेले शिवभक्त सकाळी राजराजेश्वराच्या दारी पोहोचले.’ एवढं मोठं, तरी केवल! ‘घेऊन’, ‘चालत’, ‘आलेले’ ही धातुसाधितं. विधान पुरं करणारं क्रियापद एकटं ‘पोहोचले’. उलट ‘तो आला नि गेला’ हे चार शब्दांचं वाक्य संयुक्त आहे.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ‘म्हणून’पायी. ‘पाऊस आला म्हणून खेळ थांबला’ : एक घडलं, त्याचा परिणाम दुसरं, म्हणून संयुक्त. ‘चांगले गुण मिळावेत म्हणून ती पहाटे उठते’ : इथे पहिला भाग उठण्याचा हेतू सांगतो, तो गौण, म्हणून मिश्र. शब्द तोच, काम वेगळं. उभयान्वयी अव्ययांची यादी पाठ करून हे कळणार नाही. मी तर म्हणतो, ती यादी महिनाभर झाकूनच ठेवावी.

वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरांना वाक्यरचना जमत नाही, असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. ‘मले भूक लागली अन् म्या भाकर खाल्ली’ हे अस्सल संयुक्त वाक्य आहे. प्रमाण भाषेत रूपं बदलतील, सांधा तोच राहील.

सारांश म्हणजे उताऱ्यातली महत्त्वाची वाक्यं उचलून लिहिणं, हा समज मोडायला वरची धातुसाधितं कामी येतात. दहावीच्या परीक्षेत एक तृतीयांश सारांश मागतात, तोही स्वतःच्या शब्दांत. त्याची पहिली पायरी म्हणून वर्गात मी फळ्यावर लिहितो : ‘आम्ही रात्री गांधीग्रामला गेलो. तिथं पूर्णेचं पाणी भरलं. रात्रभर चाललो. सकाळी राजराजेश्वराला जलाभिषेक केला.’ चार क्रियापदं. आता एकच ठेवायचं : ‘गांधीग्रामहून रात्रभर चालत आणलेल्या पूर्णेच्या पाण्याने आम्ही सकाळी राजराजेश्वराला जलाभिषेक केला.’

“पण सर, ‘गेलो’ कुठं गेलं?” पहिल्या बाकावरून एका मुलीनं विचारलं.

मागून उत्तर आलं, “अवो, तिथून आणलं म्हंजे गेलोच होतो ना!”