शालेय विद्यार्थ्यांचे संघटनात्मक नागरिकत्व : संज्ञेचा विचार

‘संघटनात्मक नागरिकत्व-वर्तन’ ही संज्ञा मूलतः कारखाने व कचेऱ्या यांच्या अभ्यासातून आली. डेनिस ऑर्गन यांनी १९८८ साली तिची जी व्याख्या केली, तीत तीन अटी आहेत : वर्तन स्वेच्छेचे असावे, औपचारिक मोबदल्याच्या व्यवस्थेत त्याची थेट नोंद नसावी, आणि एकंदरीने संघटनेचे कार्य त्यामुळे सुकर व्हावे. परोपकार, कर्तव्यदक्षता, खिलाडूवृत्ती, सौजन्य व नागरी जाणीव ही त्याची पाच अंगे होत.

विद्यार्थी हा नोकर नव्हे. म्हणून ही संज्ञा शाळेस लावताना तिच्या मर्यादा तपासावयास हव्यात. पाळीप्रमाणे वर्ग झाडणे हे नेमून दिलेले काम होय. पाळी नसताना गळता नळ बंद करणे हे नागरिकत्व होय. २०१६ साली ज्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे या भेदाचे मोल निराळे सांगावयास नको.

मराठीतील जुने शब्द येथे उपयोगी पडतात. निजामी राजवटीत मराठवाड्याने सोसलेल्या ‘वेठी’त मोबदला नव्हता, पण स्वेच्छाही नव्हती, ‘वेठीस धरणे’ या प्रयोगात ती सक्ती अद्याप जिवंत आहे. ‘सावडी’त स्वेच्छा आहे, पण परतफेड गृहीत आहे. ‘श्रमदान’ जवळचे खरे. परंतु ते बहुधा ठरवून, समूहाने केले जाते. प्रस्तुत वर्तन या तिहींहून वेगळे आहे.

त्याची खरी कसोटी स्पर्धेत लागते. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूर व नांदेड येथे गावोगावचे विद्यार्थी येतात. आजारी सोबत्यास आपली वही देणारा मुलगा आपल्याच प्रतिस्पर्ध्यास बळ देत असतो. त्यास मोबदला नाही. उलट तोशीस आहे. अशा वर्तनास शाळेने गुण देऊ केले, तर व्याख्येची दुसरी अट ढळते, आणि मदत ही गुण मिळविण्याचे साधन बनते. सक्ती केली, तर तीच मदत वेठ ठरते.

संशोधकानेही हा धोका ओळखावा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, नाव लिहून भरून घेतलेली प्रश्नावली नागरिकत्वापेक्षा आज्ञाधारकपणाच अधिक मोजण्याचा संभव असतो. म्हणून उत्तरे निनावी असावीत, आणि विद्यार्थ्याच्या स्वतःविषयीच्या उत्तराला सहाध्यायांच्या निरीक्षणाची जोड असावी. कोणी न सांगता काय घडते, हे जाणण्याचा तोच त्यातल्या त्यात विश्वसनीय मार्ग होय.